सरांच्या प्रबंधातले माझे सासरे

शुद्धलेखनाच्या चुका आणि हे वाकडं अक्षर, दोन्हीबद्दल आधीच माफी मागते. हे कुणाला दाखवायला लिहीत नाहीये, पण घरातला कागद कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व की दीर्घ, ते मी शब्दाच्या तोंडाकडे बघून ठरवते. कॉम्प्युटरवर माझं अक्षर कुणाच्याही अक्षराइतकं चांगलं यायचं, कारण तिथे सगळ्यांचं सारखंच येतं. आता कॉम्प्युटर नाही, म्हणून पेनने लिहिते.

कल्याणला एका कॉलेजच्या गल्लीत झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, तिथे मी कामाला होते. मोहन्याला राहते, तिथून शेअर रिक्षाने जायचे. सुरुवातीला झाडू मारणं, पाणी भरणं आणि स्पायरल बाइंडिंग एवढंच काम. दुकान मॅडमचं. मॅडम एम.ए. झालेल्या, बोलणं पुण्याचं, आणि समोर गिऱ्हाईक असलं की त्यांची भाषा आणखी शुद्ध व्हायची. मला त्या कधी शिवी देत नसत. त्यांना शिवी द्यावीच लागत नसे.

टायपिंगला एक वयस्कर काका होते. दुपारी दुकान रिकामं असलं की त्यांनी मला मराठी टायपिंग शिकवलं. डोळे कमी दिसायला लागल्यावर ते गावी गेले, मॅडमना लगेच दुसरा माणूस मिळेना, आणि मी खुर्चीवर बसले. बाइंडिंगच्या टेबलाशी दिवसभर उभं राहावं लागतं. या खुर्चीवर बसून काम करायचं असतं आणि समोर येणारा माणूस थांबून म्हणतो, "एवढं करून द्याल का?" मला आयुष्यात कुणी 'द्याल का' म्हटलं नव्हतं. ती खुर्ची सुटू नये, एवढंच मला हवं होतं. पगार फारसा वाढला नव्हता, तरी हवं होतं.

अडचण इंग्रजीची. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं आणि मी चौथीतच थांबले. अक्षरं सुटी ओळखते, जुळवता येत नाहीत. कॉम्प्युटरमध्ये लिहायच्या त्या प्रोग्रॅममध्ये मजकुराला स्टाईल लावतात. प्रकरणाचं नाव केवढं मोठं, त्याच्या आतलं नाव केवढं, साधा मजकूर कसा, तळटीप कशी, हे एकदा ठरवून ठेवायचं आणि मग नुसतं त्या नावावर दाबायचं. ती नावं सगळी इंग्रजीत. काहींच्या पुढे एक, दोन, तीन आकडे असतात, ते कळायचे. बाकीच्यांची पंचाईत. काका जाताना सांगून गेले होते, "नावावर उजवं बटण दाब, बदल म्हण, आणि तुला समजेल असं नाव लिही."

मी माझी नावं लिहिली. तेव्हा एक कळलं. प्रोग्रॅमचं स्वतःचं जे नाव असतं ते जात नाही. तुम्ही ते पुसलंत आणि आपलं लिहिलंत, तरी तो आधी त्याचं नाव लिहितो, मग स्वल्पविराम देतो आणि तुमचं नाव मागे लावतो. आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्या मुलाने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं असतं, आणि ते लिहिलं की जुनं नाव संपलं. मला आईवडिलांनी ठेवलेल्या नावाने शेवटची हाक कुणी मारली, आठवत नाही. म्हणून ते बघून मला जरा गंमत वाटलेली.

नावं काय द्यावी, याचा मी फार विचार केला नाही. आमच्या घरात जेवायला बसतात त्या क्रमाने दिली. पुस्तकाचं नाव एकच असतं आणि सगळ्यांच्या वर असतं, तो 'देव्हारा'. प्रकरणाचं नाव 'सासरे'. त्याच्या खालचं 'थोरले', म्हणजे माझे मोठे दीर. त्याच्या खालचं 'हे'. कुणाचं बोलणं दोन्ही बाजूंना जागा सोडून मधोमध छापतात, ते 'पाहुणे'. पानं भरून जो साधा मजकूर असतो तो 'बायका'. आणि पानाच्या तळाला रेघेखाली बारीक अक्षर, ते 'मी'. असं ठेवल्यावर माझा हात कधी चुकला नाही. वर्षभर मी कॉलेजच्या पोरांची प्रोजेक्टं, सोसायट्यांचे अहवाल, सगळं त्या नावांवर टाईप केलं. छापल्यावर नावं कागदावर येत नाहीत, ती आतच राहतात, म्हणून कुणाला कळलं नाही.

मग एक सर आले. ठाण्याला माजिवड्याकडच्या एका कॉलेजात शिकवायचे. पतसंस्थांवर त्यांची पीएचडी होती, तीनशेच्या वर पानं, सगळी हाताने लिहिलेली. शेवटची तारीख जवळ आलेली. ते रोज संध्याकाळी माझ्या शेजारी प्लास्टिकची खुर्ची घेऊन बसायचे आणि दुरुस्त्या सांगायचे. मला 'ताई' म्हणायचे.

त्यांना हवं होतं की प्रत्येक पानाच्या वरच्या पट्टीत त्या त्या प्रकरणाचं नाव यावं. त्याची सोय असते. पट्टीत फक्त सांगून ठेवायचं, अमक्या स्टाईलमधलं नाव इथे आण. पान बदलेल तसं तो आणतो. मी पट्टीत 'सासरे' निवडलं आणि ते प्रत्येक पानावर बरोबर येऊन बसले.

ते निवडताना सर पडद्याकडे बघत होते.

"ताई, हे 'सासरे' काय आहे?"

मी माऊसवरचा हात काढून मांडीवर घेतला. सरांनी चष्मा सावरला आणि ती सगळी यादी वरून खाली वाचली, मोठ्याने. मग हसायला लागले. वाईट हसत नव्हते, पण थांबेनात. मॅडम गल्ल्यावरून उठून आल्या. मागे त्यांची सून पण आली. सून नवीनच लग्न होऊन आलेली, बी.कॉम., इंग्रजी शाळेतली. लग्नात मॅडमनी तिचं नाव बदललं होतं आणि ती अजून नव्या नावाच्या पहिल्या हाकेला वळायची नाही. "ऐकू येत नाही की माहेरचं नाव हवंय?" असं मॅडम तिला चारचौघांत विचारायच्या. त्या दिवशी पाळी माझी होती.

"अगं, लोकांच्या पीएचडीत तू आपलं खानदान बसवलंस?" मॅडम म्हणाल्या. "सर, बघितलंत का? पतसंस्था राहिल्या बाजूला. प्रत्येक प्रकरणात पहिले हिचे सासरे."

"आणि नवरा तिसऱ्या नंबरवर," सर म्हणाले.

"घरी पण तिथेच असेल. काय गं?"

सून तोंडावर ओढणी धरून हसली. झेरॉक्सला थांबलेली दोन पोरं पण वळून बघायला लागली. मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं.

"आणि 'मी' कुठे आहे, ते बघा. तळटीप! एवढी मात्र अक्कल आहे हो. स्वतःची जागा बरोबर ओळखते."

सगळे हसले. मी पण हसले, कारण नाही हसलं तर ते आणखी वाढतं. मग मी विचारलं, "काढून टाकू का, मॅडम?"

"तू हात लावू नकोस. ही काढेल." त्यांनी सुनेकडे मान केली. मग माझ्याजवळ वाकून, पण सरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आणि एक लक्षात ठेव. काही वाचता आलं नाही तर गिऱ्हाइकासमोर विचारत बसायचं नाही. एका चौथी पासला इथे बसवलंय, हे लोकांना कळलं तर लाज माझी जाते."

सर मोबाईल बघू लागले. मी निघाले तेव्हा सून माझ्या खुर्चीवर बसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी छपाई होती. दुकान उघडायच्या आधीच सर येऊन थांबलेले. सुनेने माझी नावं काढलेली होती, यादी पुन्हा सगळी इंग्रजी. ते ठीक होतं, आता टायपिंग संपलेलं होतं आणि फक्त छापायचं होतं. मी छापायला दिलं. पहिली पानं बाहेर आली, त्यांवर वरची पट्टी नसतेच. सरांनी आपलं नाव असलेलं पान हातात घेतलं, डोळे भरून बघितलं आणि परत खुर्चीवर जाऊन फोनवर बोलायला लागले.

नंतरच्या पानांवर वरच्या पट्टीत प्रकरणाचं नाव नव्हतं. त्या जागी जाड अक्षरांत इंग्रजीची एक ओळ होती. प्रत्येक पानावर तीच.

मी ते पान हातात धरून उभी होते. मला वाटलं, रात्री सुनेने घातली असेल. विद्यापीठाला प्रबंधाच्या सुरुवातीची प्रमाणपत्रं इंग्रजीत लागतात, ती आम्ही आधी टाईप करून घेतली होती, तसंच हेही काहीतरी लागत असेल. मला वाटलं, विचारावं. सून गल्ल्यावर गिऱ्हाइकांच्या गर्दीत होती. मॅडम होत्या. सर तीन हातांवर बसलेले. कुणालाही विचारलं असतं तरी ते गिऱ्हाइकासमोरच विचारणं झालं असतं. मी ते पान खाली ठेवलं आणि मशीनमध्ये कागद भरला. पाच प्रती काढल्या. मग त्यांना काळं रेक्झिन आणि सोनेरी अक्षरं लावून आणायला बाइंडरकडे पाठवलं. सरांनी मला पेढा दिला.

दोन दिवसांनी दुपारी सर रिक्षातून उतरले. पाचही प्रती त्यांनी काउंटरवर टाकल्या. 'ताई' नाही, काही नाही.

"हे कुणी छापलं?"

मॅडमनी एक प्रत उघडली. त्यांनी ती ओळ वाचली तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं आणि मला कळलं की मी मेले.

"वाचा ना," सर म्हणाले. "हिला सांगा काय लिहिलंय. चूक! सांगितलेल्या प्रकारचा मजकूर या कागदात नाही. प्रत्येक पानावर! माझे गाईड मला सगळ्या खोलीसमोर म्हणाले, पहिल्यांदाच असा विद्यार्थी बघतोय जो पानापानावर आत काही नसल्याची कबुली देतो. लोक हसत होते हो. मी पंधरा वर्षं शिकवतोय!"

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांच्यावर खोलीभर लोक हसले होते, ते कसं असतं ते मला माहीत होतं. तीन दिवसांपूर्वी त्यांनी मला ते दाखवलं होतं. तरी मला त्यांची दया आली, याचा मला अजून राग येतो.

"तुला दिसलं नाही?" मॅडमनी विचारलं.

"दिसलं."

"मग?"

"वाचता आलं नाही."

"आणि विचारता पण आलं नाही?"

मी सुनेकडे बघितलं. ती स्टेपलर उघडून त्यात पिना भरत होती. आधीच भरलेल्या होत्या. मी मॅडमना सांगू शकले असते, तुम्हीच म्हणालात विचारू नकोस. माझ्या तोंडून फक्त निघालं, "ती नावं काढली म्हणून झालं असेल."

"नावं काढल्याने काय होतंय? मजकूर तोच आहे ना?" मॅडम सरांकडे वळल्या. "सर, उद्यापर्यंत नव्या प्रती. एक पैसा तुम्ही द्यायचा नाही. हिच्या पगारातून जाईल."

कागद, छपाई, रेक्झिन, घाईचे जादा, आणि सरांना तारीख चुकली म्हणून जो दंड भरावा लागला तो, सगळं मिळून साडेनऊ हजार झाले. माझ्या महिन्याच्या पगाराहून जास्त. त्याच दिवशी मॅडमनी सुनेला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि मला बाइंडिंगच्या टेबलाशी. सुनेला नोकरी करायची होती, ठाण्याला कुठेतरी बोलावणं पण आलेलं. ते राहिलं. म्हणजे ती खुर्ची तिलाही नको होती.

आठवड्याने, दुकानात आम्ही तिघीच असताना, सून मॅडमना म्हणाली, "आई, मी बघितलं ते. वरच्या पट्टीत हिने दिलेलंच नाव घातलेलं होतं. मी ते काढल्यावर त्याला सापडेना. म्हणून ती ओळ आली."

मी स्पायरलला पानं लावत होते. हात थांबला.

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "म्हणजे नुकसान तुझ्या हातून झालं. बरं. मग साडेनऊ हजार तुझ्या माहेरून मागवू का? उद्याच फोन करते तुझ्या वडिलांना."

सून परत पडद्याकडे वळून टाईप करायला लागली.

"आणि कारण काही का असेना," मॅडम म्हणाल्या, आता माझ्याकडे बघून, "तुला वाचता येत असतं तर तू ते छापलं असतंस का?"

आज इतक्या दिवसांनीही रात्री पडल्यावर मी याला खूप उत्तरं शोधते, पण हे वाक्य तसंच उभं राहतं.

त्यानंतर सून मला 'ताई' म्हणायची ती 'बाई' म्हणायला लागली. मी जवळून गेले की पडद्याकडे बघायची. मला आधी वाटलं, तिला वाईट वाटत असेल. वाईट वाटलेल्या माणसाची नजर मी ओळखते. ही तशी नव्हती. आपल्या हातून ज्याचं नुकसान झालं, तो माणूस रोज समोर दिसला की त्याचाच राग यायला लागतो. तिला माझा तसा राग यायचा.

घरी गोष्ट माझ्या आधी पोचली होती. मॅडमनी ह्यांना फोन करून सगळं सांगितलेलं, पगार कमी का येणार ते कळावं म्हणून. हे दारातच उभे.

"मला तिसऱ्या नंबरवर टाकलेलंस?"

"ते जेवायच्या क्रमाने होतं."

"पैसे कोण भरणार? एक नंबरवाला?"

एक नंबरवाले आत खाटेवर बसलेले. सासऱ्यांना मात्र गोष्ट आवडली होती. संध्याकाळी चाळीच्या ओट्यावर त्यांनी ती सगळ्यांना सांगितली. "मोठ्या सरांच्या पुस्तकात, पानापानावर, वरती मी. सुनेने बसवलेला. लोकांनी जळून काढलं." मला त्यांनी एक रुपया दिला नाही, पण त्या महिन्यात माझ्याशी दोनदा नीट बोलले. जाऊ म्हणाली, "आम्हाला सगळ्यांना एकत्र 'बायका' केलंस, स्वतःला वेगळं ठेवलंस होय गं?" तिचं खरं होतं. मला ते सुचलंच नव्हतं.

ह्यांनी सांगितलं, घरात पूर्वी जेवढे यायचे तेवढेच आले पाहिजेत. म्हणून कापलेले पैसे मला दुसरीकडून आणायचे होते. मी राख्यांचं काम घेतलं. राखीचा मोसम संपल्यावर पेनमध्ये रिफिल भरायचं काम. एक पोतं भरलं की मिळायचं ते इतकं कमी की सांगायला नको. कल्याणहून येताना शहाडपर्यंत चालत यायचे, रिक्षाचे वाचायचे. दुकानात गिऱ्हाईक आलं आणि गप्पा लांबल्या की मॅडम माझी गोष्ट सांगायच्या. दर वेळी ती जरा वाढायची. नंतर नंतर त्यात मी गाईडच्या नावालाही एक नाव दिलं होतं, असं आलं. मी पंच मारत उभी असायचे. एकदा एका बाईने विचारलं, "कुठे आहे ती?" मॅडमनी हात केला. बाईने मला वरून खाली बघितलं, वस्तू बघतात तसं, आणि म्हणाली, "गरीब दिसते हो."

फेडायचे दोन हजार उरले असताना सून बाळंतपणाला खडवलीला, माहेरी गेली. परीक्षा जवळ आलेली, प्रोजेक्टांचे ढीग लागलेले. खुर्ची रिकामी. मॅडमनी दोन मुलींना येऊन बघायला सांगितलं, दोघींनी जास्त पगार मागितला.

एका सकाळी काउंटरवर एक जुन्या ओळखीच्या बाई होत्या. त्यांच्यासमोर मॅडम मला म्हणाल्या, "ये, बस कॉम्प्युटरवर. आणि ते उरलेले दोन हजार मी माफ केले तुला. जा."

"मोठं मन आहे तुमचं," त्या बाई म्हणाल्या.

"किती झालं तरी आपलीच बाई. चुकते, काय करणार."

मी खुर्चीवर बसले. त्या दिवशी दोन प्रोजेक्टं टाईप केली. बोटं काही विसरली नव्हती. पण दिवसभरात मॅडमनी ते 'माफ केले' आणखी तीन गिऱ्हाइकांना सांगितलं. मला दिसायला लागलं की आता गोष्टीला नवा शेवट मिळालाय आणि तो शेवट मॅडम आहेत. जोवर मी त्या खुर्चीवर बसेन तोवर तो सांगितला जाईल, आणि मला शेजारी बसून ऐकावा लागेल. साडेसात हजार मी भरले, ते कुणी सांगत नव्हतं.

संध्याकाळी घरी गेले. रिफिलवाल्याकडे माझे काही बाकी होते, ते मागितले. उरलेले धान्याच्या डब्यात होते, ह्यांच्यापासून लपवलेले. सकाळी दुकानात जाऊन ते पैसे काउंटरवर ठेवले.

"हे काय?"

"राहिलेले, मॅडम."

"मी माफ केले म्हटलं ना?"

"हो. तरी घ्या."

त्यांनी आधी नोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. गिऱ्हाईक कुणी नव्हतं, म्हणून आवाज साधा होता. "अगं ए, तू मला शहाणपण शिकवतेस? मी दिलेलं परत करतेस? मग खुर्ची विसर. मी जास्त पगार देईन पण शिकलेली मुलगी आणीन. टेबलाशी उभी राहायचं तर राहा, नाहीतर दार उघडं आहे."

मला वाटलं होतं, मी काहीतरी बोलेन. रात्रभर ठरवलं होतं. पण मी नुसती उभी राहिले आणि त्यांनी घेण्याची वाट बघत राहिले.

त्यांनी नोटा मोजल्या. एक शंभरची काढून माझ्याकडे सरकवली. मधे फाटलेली, टेप लावलेली.

"ही चालणार नाही."

मी पाकिटात हात घातला. आठवड्याच्या रिक्षाचे होते, दहा दहाच्या नोटा आणि खाली चिल्लर. ते सगळं ओतलं आणि त्यांच्यासमोर शंभर जुळवले. त्यांनी चिल्लरसुद्धा बोटाने एकेक ओढत मोजली, ड्रॉवर उघडला, आत लोटली आणि बंद केला.

साडेनऊ हजार पुरे फिटले.